मिथाइल काढला म्हणजे जीन चालू झाला, असं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पब्लिक डेटामधून ट्यूमर आणि नॉर्मल टिश्यूची तुलना केली, त्यात केडीएम५बी ट्यूमरमधे वाढलेला दिसला आणि केडीएम६ए घटलेला. दोन्ही हिस्टोनवरचा मिथाइल ग्रुप काढणारी एन्झाइम्स. आता मिथाइल म्हणजे जीन बंद असं शिकवलेलं असताना काढणारं एन्झाइम एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी, आणि दोन्ही कॅन्सरलाच मदत करतात हे कसं काय? आणि एवढं सगळं माहीत असताना यावर औषधं का नाहीत?

मी बरीच वर्षं क्रोमॅटिनवरच (म्हणजे हिस्टोन आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेला डीएनए) काम करतोय आणि हा गोंधळ दरवर्षी नव्या मुलांमधे बघतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

"मिथाइल म्हणजे बंद" हे वाक्य डीएनए मिथायलेशनच्या धड्यातून इकडे घरंगळत आलंय. तिथे सायटोसीनवर मिथाइल बसतो आणि प्रमोटरवर (जीनच्या सुरुवातीचा, त्याला चालू करणारा भाग) बसला तर बहुतेक वेळा जीन गप्प होतो, ते ठीक आहे. पण हिस्टोनचा कारभार वेगळा, एन्झाइम्स वेगळी, नियम वेगळे. हे दोन धडे डोक्यात आधी वेगळे करा, नाहीतर पुढचं सगळं उलटंच लागेल.

हिस्टोनचं बेसिक पटकन सांगतो. एच२ए, एच२बी, एच३, एच४ असे चार हिस्टोन, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ जणांचा एक गोळा, त्याच्याभोवती १४७ बेस पेअर डीएनए पावणेदोन वेढे घेतो, हा झाला न्यूक्लिओसोम. या गोळ्यातून हिस्टोनच्या शेपट्या बाहेर लोंबतात आणि खरी गंमत त्या शेपट्यांवर चालते. एच३च्या शेपटीवर ४, ९, २७ आणि ३६ नंबरची लायसीन (एक अमिनो आम्ल) आहेत (३६ खरं तर शेपटी संपते तिथे, पण असो), पुढे गोळ्याच्या अंगावर ७९ नंबरचं आहे. प्रत्येकावर एक, दोन किंवा तीन मिथाइल बसू शकतात.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळा प्रश्न इथेच सुटतो. असिटिल ग्रुप लायसीनवर बसला की त्याचा पॉझिटिव्ह चार्ज जातो, त्यामुळे डीएनएवरची पकड सैल होते, म्हणजे असिटायलेशनचा स्वतःचा असा काहीतरी फिजिकल परिणाम आहे. मिथाइलचं तसं नाही. एक बसवा नाहीतर तीन बसवा, चार्ज तोच राहतो. म्हणजे मिथाइल स्वतःहून काहीच उघडत नाही आणि काहीच बंद करत नाही, ती नुसती खूण आहे, आणि त्या खुणेचा अर्थ ती कोण वाचतं त्यावर ठरतो. ९ नंबरवर तीन मिथाइल असले की एचपी१ नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि तो भाग घट्ट गुंडाळला जातो. २७ नंबरवर तीन असले की पॉलीकोम्बची मंडळी येतात आणि जीन दाबून ठेवतात. पण तेच तीन मिथाइल ४ नंबरवर असतील तर ते चालू प्रमोटरचं लक्षण, तिथे ट्रान्स्क्रिप्शन सुरू करणाऱ्या मशिनरीचे भाग येऊन चिकटतात. ४ नंबरवर एकच असेल तर बहुधा तो एन्हान्सर, म्हणजे लांबून जीनला जोर देणारा डीएनएचा तुकडा, असतो. ३६ नंबरवर तीन असतील तर ते वाचल्या जाणाऱ्या जीनच्या अंगावर, मधल्या भागात सापडतात.

म्हणजे तुमच्या प्रश्नातलं अर्धं उत्तर इथेच मिळालं. केडीएम५बी काढतं ४ नंबरवरचे मिथाइल, म्हणजे चालूची खूण पुसतं. केडीएम६ए, ज्याला जुने लोक यूटीएक्स म्हणतात, ते काढतं २७ नंबरवरचे, म्हणजे बंदची खूण पुसतं. दोघांनाही डीमिथायलेज म्हणतात म्हणून दोघांचं काम एकच असं होत नाही, खोडरबर एकच असलं तरी कुठला शब्द खोडला यावर वाक्याचा अर्थ बदलतो. पहिलं वाढलं आणि दुसरं घटलं तर ढोबळमानाने परिणाम एकाच दिशेला जाऊ शकतो, काही जीन जे चालू असायला हवेत ते गप्प होतात. त्यामुळे तुमच्या डेटात विरोधाभास नाहीये. पण "ढोबळमानाने" हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, त्याच्याकडे नंतर येतो.

थोडा इतिहास सांगतो कारण त्यातून केमिस्ट्री आपोआप कळते. हिस्टोनवर मिथाइल असतो हे १९६४ पासून माहीत आहे, त्याच वर्षी व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी असिटायलेशन आणि मिथायलेशनचा आरएनए बनण्याशी संबंध असावा असं मांडलं होतं. मिथाइल काढणारं एन्झाइमसुद्धा आहे असं पाइक आणि किम यांनी १९७३ मधे लिहिलं होतं, पण प्रोटीन हातात आलं नाही आणि गोष्ट मागे पडली. मग जवळजवळ तीस वर्षं सगळ्यांनी धरून चाललं की मिथाइल एकदा बसला की बसला. कारणही तसं पटण्यासारखं होतं, कार्बन आणि नायट्रोजनमधला बॉन्ड चांगला मजबूत, आणि मोजमापं घेतली तर मिथाइलचं आयुष्य हिस्टोनच्या आयुष्याएवढंच दिसायचं. लोक म्हणायचे की खूण काढायची असेल तर आख्खा हिस्टोन बदलावा लागत असेल, नाहीतर पेशी विभागताना खूण आपोआप विरळ होत असेल. (विरळ होणं हे खरंच होतं बरं का, दर विभागणीत नवे हिस्टोन येतात आणि जुन्या खुणा निम्म्यावर येतात, लिहिणारं एन्झाइम परत आलं नाही तर काही पिढ्यांत खूण गायब. डेटा बघताना हे विसरू नका, मिथाइल कमी झाला म्हणजे कुणीतरी काढलाच असं नसतं.)

२००४ च्या शेवटी हार्वर्डमधे यांग शी यांच्या लॅबने एलएसडी१ दाखवलं आणि तीस वर्षांची समजूत एका पेपरात गेली. एलएसडी१ म्हणजे आताच्या नावात केडीएम१ए. हे एन्झाइम एफएडी नावाचा मदतनीस रेणू वापरतं, मोनोअमाइन ऑक्सिडेजच्या खानदानातलं आहे. ते नायट्रोजनला लागून असलेल्या मिथाइलच्या कार्बनवरून हायड्रोजन ओढून घेतं, मधे इमिन बनतो, पाणी त्याच्यावर येतं आणि मिथाइल फॉर्मल्डिहाइड होऊन गळून पडतो, सोबत एक हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो. आता इमिन बनायला नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी लागते. तीन मिथाइल असलेल्या लायसीनमधे ती जोडी शिल्लकच नसते. म्हणून एलएसडी१ एक आणि दोन मिथाइल काढू शकतं, तीन असले की त्याचे हात बांधलेले. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं "अ‍ॅक्टिव्ह साइट लहान असते" असं काहीतरी ठोकून देतात, तसं नाहीये, कारण केमिस्ट्रीचं आहे.

मग तीनवाले कोण काढतं? इथे जुमोनजी घराणं येतं. नाव जपानी, अर्थ साधारण "दहाच्या अक्षराचा आकार" म्हणजे क्रॉस, कारण या कुटुंबातला पहिला जीन बिघडवल्यावर उंदराच्या भ्रूणात मेंदू बनतो त्या पट्टीवर क्रॉससारख्या खाचा दिसल्या होत्या. त्या वेळी हे डीमिथायलेजचं कुटुंब आहे याची कुणाला कल्पनाही नव्हती. २००५ संपता संपता यी झांग यांच्या लॅबने जुमोनजी डोमेन असलेलं पहिलं डीमिथायलेज पकडलं, आणि पकडायची युक्ती मला आजही आवडते: मिथाइल कुठे गेला हे बघण्यापेक्षा फॉर्मल्डिहाइड सुटतो का हे त्यांनी मोजलं. २००६ मधे केडीएम४ कुटुंब तीन मिथाइलवालं लायसीनसुद्धा साफ करतं हे दोन-तीन लॅब्सनी दाखवलं, २००७ मधे २७ नंबरवाले केडीएम६ आणि ४ नंबरवाले केडीएम५ आले. दोन-तीन वर्षांत आख्खं क्षेत्र उलटंपालटं झालं. नावांचा इतका गोंधळ झाला होता की २००७ मधे बसून सगळ्यांना केडीएम (लायसीन डीमिथायलेज) असं एकसारखं नाव द्यावं लागलं, तरी जुने पेपर वाचताना जेएमजेडी२ए म्हणजेच केडीएम४ए, जारिड१बी म्हणजेच केडीएम५बी हे लक्षात ठेवावंच लागतं.

जुमोनजीवाल्यांची पद्धत वेगळी. त्यांच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, फेरस स्वरूपात, आणि त्यांना ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटरेट लागतं. ऑक्सिजनचा एक अणू अल्फा-कीटोग्लुटरेटमधे जाऊन सक्सिनेट आणि कार्बन डायऑक्साइड बनतो, दुसरा मिथाइलवर हायड्रॉक्सिल म्हणून बसतो, तो माल अस्थिर असल्याने फॉर्मल्डिहाइड सुटून जातो. नायट्रोजनच्या मोकळ्या जोडीची गरजच नाही, म्हणून तीन मिथाइल असले तरी फरक पडत नाही.

हे लोखंड प्रकरण नुसतं पाठ करायचं नसतं, ते हाताला चटके देतं. आमच्याकडे एकदा केडीएम४ए स्वतः बनवून अ‍ॅसे बसवत होतो, जेलवर प्रोटीन सुंदर, एकच बँड, आणि अ‍ॅक्टिव्हिटी शून्य. तीन आठवडे आम्ही पेप्टाइड बदल, पीएच बदल, एन्झाइम जास्त घाल असं करत बसलो. शेवटी कुणीतरी बफरची यादी मोठ्याने वाचली तेव्हा कळलं की प्रोटीएज इन्हिबिटरच्या गोळीत ईडीटीए होतं, ते लोखंड ओढून घेत होतं. ते काढलं तरी काम अर्धवटच, कारण प्रोटीन वेगळं काढायला जोडलेल्या हिस टॅगसाठी निकेलचा कॉलम वापरलेला आणि कॉलममधून सुटलेलं निकेल लोखंडाच्या जागी जाऊन बसत होतं. निकेल बसलं की एन्झाइम दिसायला ठणठणीत आणि कामाला मेलेलं. मग आधी ईडीटीएने सगळे धातू काढ, ते ईडीटीए डायलिसिस करून घालव, ताजं फेरस आणि अ‍ॅस्कॉर्बेट घाल, तेव्हा कुठे फॉर्मल्डिहाइडचा सिग्नल वर आला. अ‍ॅस्कॉर्बेट म्हणजे व्हिटॅमिन सी, ते लोखंडाला फेरस अवस्थेत ठेवतं. (यावरून "मग व्हिटॅमिन सीच्या गोळ्या खाल्ल्या तर कॅन्सरमधे डीमिथायलेशन वाढेल का" असं विचारू नका. ट्यूबमधे जे घडतं ते तोंडावाटे घेतलेल्या गोळीने ट्यूमरच्या न्यूक्लियसमधे घडेल असं कुणी सिद्ध केलेलं नाही.)

आता पेशीत ही एन्झाइम्स एकटी कधीच फिरत नाहीत, आणि इथेच तुमच्या "जीन चालू की बंद" प्रश्नाला दुसरं वळण लागतं. एलएसडी१ सुट्या हिस्टोन पेप्टाइडवरचा मिथाइल छान काढतं, पण न्यूक्लिओसोम समोर ठेवला की अडतं, त्याला कोरेस्ट नावाचा जोडीदार लागतो. त्या टोळीत एचडॅक१ आणि २ पण असतात, म्हणजे असिटिल काढणारे आणि मिथाइल काढणारे एकाच गाडीत बसून येतात, आणि आले की जीन बंद करूनच जातात. यूटीएक्सची टोळी उलटी. ते एमएलएल३ आणि एमएलएल४ सोबत बसतं, एमएलएल४ हे एन्हान्सरवर ४ नंबरला मिथाइल लिहिणारं एन्झाइम. म्हणजे एकाच टोळीत २७ वरची बंदची खूण पुसणारा आणि ४ वरची चालूची खूण लिहिणारा शेजारी शेजारी. निसर्गाने हे जोडकाम मुद्दाम केलंय असं वाटावं इतकं नीट आहे. पुरावा म्हणून काबुकी सिंड्रोम बघा, जन्मजात आजार आहे, बहुतेकांमधे एमएलएल४ (जीनचं नाव केएमटी२डी) बिघडलेला असतो आणि थोड्यांमधे केडीएम६ए. एक लिहिणारा, दुसरा पुसणारा, तरी रुग्णाचं चित्र जवळजवळ तेच.

आता कॅन्सर. यूटीएक्सपासूनच सुरू करतो कारण ते तुमच्या डेटात आहे. २००९ मधे वेगवेगळ्या कॅन्सरमधे यूटीएक्सची म्युटेशन्स सापडली, नंतर ब्लॅडर कॅन्सरमधे हा सगळ्यात जास्त बिघडणाऱ्या जीनपैकी एक निघाला, स्नायूपर्यंत पोचलेल्या ब्लॅडर ट्यूमरमधे साधारण चारात एकाला. हा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, आणि बायकांमधे दुसरा एक्स बंद होतो तेव्हा हा जीन त्या बंदीतून निसटतो, म्हणजे त्यांच्याकडे दोन चालू कॉप्या. पुरुषांकडे एकच, आणि वाय क्रोमोसोमवरचा भाऊ यूटीवाय मिथाइल काढायच्या बाबतीत अगदी कमजोर. त्यामुळे पुरुषांमधे एक फटका बसला की खेळ संपला. काही कॅन्सर पुरुषांमधे जास्त का, याच्या अनेक कारणांत हे एक धरलं जातं.

पण थांबा, इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. यूटीवाय जर मिथाइल नीट काढतच नाही, तर यूटीएक्स नसलेली मादी उंदीर भ्रूणावस्थेतच मरते आणि नर मात्र काही जगतात ते कसे? म्हणजे मिथाइल काढण्यापलीकडे यूटीएक्स टोळी एकत्र धरून ठेवायचं पण काम करतं, आणि ते काम यूटीवायला जमतं. ल्युकेमियाच्या उंदरांवरच्या कामात तर मिथाइल काढण्याची क्षमता मारलेलं यूटीएक्ससुद्धा ट्यूमर दाबायला बऱ्यापैकी पुरेसं पडलं. म्हणून मी मघाशी "ढोबळमानाने" म्हणालो. डीमिथायलेज हे नाव त्याच्या एका कामावरून पडलंय, तेवढं एकच काम तो करतो असं नाही.

दुसऱ्या बाजूला वाढून त्रास देणारे. केडीएम४सी चं जुनं नावच जीएएससी१, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमामधे कॉप्या वाढलेला जीन, लोकांना तो आधी कॅन्सरमधे सापडला आणि डीमिथायलेज आहे हे नंतर कळलं. केडीएम४बी इस्ट्रोजेन रिसेप्टरला हात देतं.

केडीएम५ कुटुंबाचा एक प्रयोग मात्र जवळून सांगतो, कारण मला वाटतं कॅन्सरमधलं हिस्टोन डीमिथायलेशन कळायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही. २०१० मधला आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी, पीसी९ नावाची लाइन, ईजीएफआर या पेशींची वाढ चालवणाऱ्या रिसेप्टरवरच्या औषधाला प्रचंड सेन्सिटिव्ह. त्यांच्यावर मारक डोसच्या शंभरपट औषध टाकलं. डिश बघता बघता रिकामी होते, पण साधारण ०.३ टक्के पेशी तळाला चिकटून राहतात, वाढत नाहीत, मरत नाहीत, नुसत्या बसून असतात. आता म्युटेशनने वाचल्या असत्या तर त्यांची पोरंबाळंही कायम रेझिस्टंट असती. पण औषध काढून त्यांना वाढू दिलं की काही दिवसांनी त्या परत पहिल्यासारख्या सेन्सिटिव्ह होतात. जीनोम तोच, वागणं बदललं आणि परत जागेवर आलं. त्या बसून राहिलेल्या पेशींमधे केडीएम५ए वाढलेलं आणि ४ नंबरवरचे मिथाइल घटलेले, आणि केडीएम५ए कमी केलं की अशा पेशी फारशा तयारच होत नाहीत. मेलॅनोमामधे केडीएम५बी जास्त असलेल्या हळू वाढणाऱ्या पेशींचा एक गट सापडला, तोही याच जातीचा. म्हणून तुमच्या ट्यूमरमधे केडीएम५बी वाढलेलं दिसतंय ते सगळ्या पेशींत थोडं थोडं वाढलंय की थोड्या पेशींत खूप, हे सगळ्या पेशी एकत्र मोजणाऱ्या बल्क डेटातून कळणार नाही, आणि खरं महत्त्वाचं तेच आहे.

मेटाबॉलिझमचा भाग माझा लाडका. वर म्हटलं तसं जुमोनजीला अल्फा-कीटोग्लुटरेट, ऑक्सिजन आणि लोखंड लागतं. म्हणजे पेशीच्या चुलीत काय जळतंय यावर हिस्टोनच्या खुणा अवलंबून राहणार. मेंदूच्या ग्लायोमामधे आणि काही ल्युकेमियांमधे आयडीएच१ किंवा आयडीएच२ हे अल्फा-कीटोग्लुटरेट बनवणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, ग्लायोब्लास्टोमामधे ते २००८ मधे सापडलं. बिघडलेलं आयडीएच अल्फा-कीटोग्लुटरेटपासून २-हायड्रॉक्सिग्लुटरेट बनवायला लागतं, आणि तेही मिलिमोलर पातळीपर्यंत साठतं. हा माल दिसायला अल्फा-कीटोग्लुटरेटसारखाच, फक्त कीटोनच्या जागी हायड्रॉक्सिल, त्यामुळे तो डीमिथायलेजच्या खिशात जाऊन बसतो आणि काम अडवतो. म्हणजे डीमिथायलेजचा जीन शाबूत, प्रोटीन शाबूत, एक्स्प्रेशन नॉर्मल, आणि तरी ९ आणि २७ नंबरवर मिथाइल साचत जातात, पेशी मोठी होऊन कामाला लागायच्या ऐवजी अडकून पडते. (डीएनएवरचे मिथाइल हलवणारं टेट२ पण याच प्रकारचं एन्झाइम, तेही अडतं, त्यामुळे दोष कुणाचा किती हे वेगळं करणं अवघड जातं.) त्याच चुलीतलं एसडीएच किंवा फ्युमरेज हे एन्झाइम बिघडलं तर सक्सिनेट आणि फ्युमरेट साठतं, परिणाम त्याच जातीचा.

ऑक्सिजनचंही तसंच. ट्यूमरच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो हे जुनं, आणि त्याला प्रतिसाद एचआयएफ नावाचा फॅक्टर देतो हेही माहीत होतं, ज्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच २०१९ मधे दोन गटांनी दाखवलं की केडीएम६ए आणि केडीएम५ए हे एचआयएफची वाट न बघता स्वतःच ऑक्सिजनची कमतरता ओळखतात. केडीएम६ए ची ऑक्सिजनवरची पकड कमजोर, त्यामुळे ऑक्सिजन घटला की ते लवकर थंडावतं आणि २७ नंबरवरचे मिथाइल तसेच राहतात. त्याच कुटुंबातलं केडीएम६बी मात्र एवढं हळवं नाही. तुमच्या आरएनए डेटामधे यातलं काहीही दिसणार नाही. एक्स्प्रेशनचा बार सारखाच असेल आणि एन्झाइम आत गुदमरत पडलेलं असेल.

औषधांचं काय, तर आयडीएचवरची औषधं आली, एनासिडेनिब २०१७, आयव्होसिडेनिब २०१८, आणि ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब २०२४, ती एका अर्थाने डीमिथायलेजच्या मानेवरचा पाय काढतात. लिहिणाऱ्या बाजूला, २७ नंबरवर मिथाइल लिहिणारं ईझीएच२ अडवणारं टॅझेमेटोस्टॅट २०२० मधे मंजूर झालं. थेट डीमिथायलेजवर मात्र गाडी अडखळतेय.

एलएसडी१ ची गोष्ट सुरू तर छान झाली. ते मोनोअमाइन ऑक्सिडेजचं नातलग, म्हणून १९६० च्या दशकापासून डिप्रेशनसाठी वापरात असलेलं ट्रॅनिलसिप्रोमीन त्यावरही चालतं, थोडं कमजोर पण चालतं, जाऊन एफएडीला कायमचं चिकटतं. त्याच्यावरून धारदार रेणू बनवले गेले. २०१२ मधे ल्युकेमियावर दोन महत्त्वाची कामं आली: एलएसडी१ अडवलं की ल्युकेमियाच्या पेशी मोठ्या व्हायला लागतात, आणि रेटिनोइक अ‍ॅसिड, जे फक्त एका प्रकारच्या ल्युकेमियात जादूसारखं चालतं, ते इतरांतही चालायला लागतं. सगळे खूश. मग माणसांवर गेल्यावर प्लेटलेट घसरायला लागल्या. कारण प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींना जीएफआय१बी नावाचा फॅक्टर एलएसडी१ सोबत जोडीने लागतो. लहान पेशींच्या फुफ्फुस कॅन्सरमधली एक ट्रायल तर फायद्यापेक्षा त्रास जास्त म्हणून बंद करावी लागली.

आणि गंमत अशी की नंतर कळलं, ल्युकेमियात या औषधांचा गुण बराचसा मिथाइल काढणं थांबल्यामुळे येतच नाही. जीएफआय१बी चा भाऊ जीएफआय१, त्याचं टोक हुबेहूब एच३ च्या शेपटीसारखं दिसतं आणि एलएसडी१ च्या त्याच खाचेत बसतं. औषध तिथे गेलं की जीएफआय१ बाहेर पडतो, टोळी विस्कटते, आणि दाबलेले जीन उघडतात. मिथाइलच्या पातळीत त्या मानाने फारसा फरक नाही. म्हणजे डीमिथायलेज इन्हिबिटर म्हणून बनवलं आणि काम करतं टोळी फोडायचं. काहींनी मग साइड इफेक्टलाच इफेक्ट केलं, बोमेडेमस्टॅट हे एलएसडी१ वरचं औषध प्लेटलेट जास्त असण्याच्या आजारासाठी ट्रायलमधे नेलं, मला ही चाल फार आवडली.

जुमोनजीवाल्यांची अडचण आणखी मूळची. बहुतेक इन्हिबिटर अल्फा-कीटोग्लुटरेटच्या जागी बसतात, पेशीत तो माल आधीच भरपूर, त्यामुळे ट्यूबमधे भारी वाटणारा रेणू पेशीत ढेपाळतो. शिवाय ती जागा सगळ्या कुटुंबात आणि शेजारच्या टेट, प्रोलिल हायड्रॉक्सिलेज वगैरे मंडळींमधेही सारखीच, एकाला मारायला गेलं की चार जण मरतात. जीएसके-जे४ तुम्ही पेपरात केडीएम६ चा इन्हिबिटर म्हणून वाचाल, ते केडीएम५ लाही धरतं. आणि समजा एकदम नेमका रेणू मिळाला, तरी यूटीएक्स अडवायचं की वाचवायचं हे आधी ठरवावं लागतं. ब्लॅडरमधे त्याचं जाणंच त्रासाचं मूळ, तर मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या ग्लायोमात, जिथे एच३ च्या २७ नंबरच्या लायसीनचीच मेथिओनिन झालेली असते आणि त्यामुळे मिथाइल सगळीकडून उडालेले असतात, तिथे उरलेसुरले मिथाइल वाचवायला हेच डीमिथायलेज अडवून बघितलं गेलंय. एकच एन्झाइम, एका ट्यूमरमधे हवं, दुसऱ्यात नको.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. एक्स्प्रेशनच्या आलेखावर थांबू नका. केडीएम६ए साठी म्युटेशनचा डेटा बघा, आणि नमुने पुरुष-स्त्री असे वेगळे करा, नाहीतर एक्सवरचा जीन असल्यामुळे फरक ट्यूमरचा आहे की लिंगाचा तेच कळणार नाही, ही चूक मी छापलेल्या पेपरांतही पाहिलीये. पेशींवर काम करायची सोय असेल तर जीन काढून टाका, मग एकदा शाबूत एन्झाइम परत घाला आणि एकदा त्याची मिथाइल काढायची क्षमता मारलेलं. दोन्हींनी पेशी पूर्ववत झाली तर मिथाइलवर निबंध लिहू नका, टोळीकडे बघा.

अँटिबॉडी तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगतो. एच३ च्या शेपटीत ९ नंबरच्या आजूबाजूला अ‍ॅलनिन, आर्जिनिन, लायसीन, सेरीन असा क्रम आहे, आणि २७ नंबरच्या आजूबाजूला पण अगदी तोच. त्यामुळे ९ साठी विकली जाणारी अँटिबॉडी २७ वर सर्रास बसू शकते. आमच्या एका मुलाने सहा महिने ९ नंबरवरचा बदल म्हणून जो दाखवला तो पेप्टाइड अ‍ॅरेवर तपासल्यावर निम्मा २७ चा निघाला, बिचाऱ्याने आख्खी फिगर परत केली. आणि चिप-सीक (अँटिबॉडीने खूण असलेले तुकडे पकडून त्यांचा डीएनए वाचणं) करणार असाल तर माशीचं क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात आधीच मिसळा. डीमिथायलेज हलवलं की खूण सगळ्या जीनोमवर एकदम खालीवर होते, आणि नेहमीच्या नॉर्मलायझेशनमधे प्रत्येक नमुन्याचे रीड (वाचलेले तुकडे) सारखे केले जातात, त्यामुळे निम्मी झालेली खूणसुद्धा स्क्रीनवर जशीच्या तशी दिसते. केडीएम५बी चं तुम्ही म्हणता ते खरं असेल तर ४ नंबरवरची घट त्या माशीच्या रीडशी तुलना केल्यावरच दिसेल, त्याआधी नाही.